मदतीचा ट्रक आणि ठरावाचा कागद : मानवतावादी काम आणि सुरक्षा धोरणात नव्याने येणाऱ्यांसाठी

बाब अल-हवा हे तुर्कस्तान आणि सीरिया यांच्या सीमेवरचं एक नाकं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१६५ क्रमांकाचा ठराव केला आणि अशा चार नाक्यांवरून, दमास्कसच्या सरकारच्या संमतीसाठी न थांबता, मदतीचे ट्रक आत नेण्याची मुभा मिळाली. पुढे मुदतवाढीच्या वेळी दर खेपेला ओढाताण झाली. चाराची दोन झाली, दोनाचं एक झालं. जुलै २०२० पासून फक्त बाब अल-हवा उरलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला तेव्हा वायव्य सीरियात जायला संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यांसाठी ठरावाने दिलेली वाट ती एकच होती, आणि तिथवर पोचणारे रस्तेही खचलेले. पहिला ताफा आत गेला ९ तारखेला. आणखी दोन नाकी उघडायला सीरियाचं सरकार राजी झालं १३ तारखेला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसासाठी एक आठवडा म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

'मला या क्षेत्रात यायचंय' म्हणून जे विचारतात त्यांना मी आधी ही हकीकत सांगते. मानवतावादी मदत आणि सुरक्षा धोरण अशी दोन वेगळी दारं लोकांना दिसतात. एकीकडे तंबू, पाणी, औषधं, तर दुसरीकडे परिषदा, करार, सूटबूट. प्रत्यक्षात तंबू कुठे लागणार हे परिषदेत ठरतं, आणि परिषदेत काय बोलायचं हे तंबूतून आलेल्या नोंदींवर ठरायला हवं. तुम्ही यातली कुठलीही बाजू धरा, दुसरी वाचता आली पाहिजे. पुढचा सगळा लेख हे धरूनच लिहिला आहे.

पहिली पायरी : हातात एक काम असू द्या

कळवळा सगळ्यांकडेच असतो. जाहिरात निघते ती गोदाम सांभाळणाऱ्याची, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरची, नर्सची, हिशेबनिसाची, डेटा साफ करणाऱ्याची, निर्वासितांच्या मुलाखती घेऊन त्यांचं प्रकरण कायद्यात बसवणाऱ्याची. 'मला लोकांसाठी काहीतरी करायचंय' हे मनापासून खरं असलं तरी त्यावर कुणी नेमणूक देत नाही. आपण नेमके कुणाच्या आणि कुठल्या कामाचे, हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत अर्ज करू नका.

काम किती बारीक असतं ते एका उदाहरणाने दाखवते. कुपोषण मोजायची एक फीत असते. दंडाचा घेर मोजणारी, लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांची. सहा महिने ते ५९ महिने वयाच्या मुलाचा डावा हात घ्यायचा, खांदा आणि कोपर यांचा मध्य शोधून खूण करायची, हात सैल सोडायला लावायचा, फीत खाचेतून ओवून आकडा वाचायचा. ११५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण. ११५ ते १२५ म्हणजे पिवळं. फीत जरा जास्त ओढली की दंड दबतो आणि हिरवं मूल पिवळ्यात जातं. सैल राहिली की लाल मूल पिवळ्यात जातं आणि त्याला लागणारे उपचार मिळत नाहीत. मूल रडत असतं, आई घाबरलेली असते, रांग संपत नसते, आणि तुम्हाला दोन मिलिमीटर सांभाळायचे असतात.

आता हा आकडा पुढे कुठे जातो पाहा. अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाच टप्पे आहेत, पाचवा दुष्काळाचा. एखाद्या भागात दुष्काळ आहे असं म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण, आणि भुकेमुळे किंवा भूक-आजाराच्या जोडीने दिवसाला दर दहा हजारांत दोन मृत्यू. २०११ मध्ये सोमालियात, २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये, २०२४ मध्ये सुदानच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत, २०२५ मध्ये गाझात हा शब्द वापरला गेला, तो अशा मोजमापांच्या आधारावर. आणि युद्धाचं हत्यार म्हणून लोकांना उपाशी ठेवण्याचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा २४१७ क्रमांकाचा ठराव (२०१८) अशाच नोंदी समोर आल्या की बोलू लागतो. फीत नीट धरणारी व्यक्ती आणि ठराव लिहिणारी व्यक्ती एकमेकींना कधी भेटत नाहीत, पण एकीचं काम चुकलं तर दुसरीचं फुकट जातं.

दुसरी पायरी : पाया वाचून काढा

सगळं वाचायला वर्षं लागतील. सुरुवात पुढच्यापासून करा.

१९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे त्यांचे दोन पूरक करार हा युद्धकाळातल्या कायद्याचा कणा आहे. चारही करारांत तिसरं कलम सारखंच आहे. ते अंतर्गत यादवीला लागू होतं आणि पान-दीड पानात मावतं. ते आधी वाचा, दोनदा. मग निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी. निर्वासित आणि देशांतर्गत विस्थापित यांत फरक काय, हे यातून पक्कं होईल. सीमा ओलांडली की एका माणसाला लागू होणारा कायदाच बदलतो, हे नव्याने येणाऱ्यांच्या लक्षात लवकर येत नाही. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९९१ चा ४६/१८२ हा ठराव, ज्यावर आजची मदतीच्या समन्वयाची व्यवस्था उभी आहे.

चौथं, स्फिअर हँडबुक, म्हणजे मदतीच्या किमान मोजमापांचं पुस्तक. १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो लोक तेव्हाच्या झैरेमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहराभोवती जमा झाले. ज्वालामुखीचा खडक, खड्डा खणता येत नाही, पाणी नाही. कॉलऱ्याने काही आठवड्यांत हजारो माणसं गेली. मदतसंस्था भरपूर होत्या, पण किमान काय द्यायलाच हवं याचं सर्वांनी मानलेलं मोजमाप नव्हतं. त्या अनुभवातून १९९७ मध्ये स्फिअरचं काम सुरू झालं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, छपराखालची माणशी ३.५ चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक संडास (अगदी पहिल्या धामधुमीत ५० मागे एक, पण लवकरात लवकर २० वर आणायचा) हे आकडे तिथले. पाठ करा, पण आकड्यामागचं कारणही वाचा. मुलाखतीत कारण विचारतात.

मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वायत्तता ही चार तत्त्वं उमेदवार एका दमात म्हणतात. 'निःपक्षपात आणि तटस्थता यांत फरक काय?' असं विचारलं की बहुतेक जण अडखळतात. निःपक्षपात म्हणजे मदत गरज बघून, माणूस कोणाच्या बाजूचा हे न बघता. जखमी सैनिक आणि जखमी बंडखोर शेजारी शेजारी असतील तर जखम ज्याची जास्त त्याच्याकडे आधी जायचं. तटस्थता म्हणजे लढाईत आणि तिच्यामागच्या राजकीय वादात बाजू न घेणं. आणि पैसे देणाऱ्याच्या राजकीय हेतूपासून आपलं काम वेगळं ठेवणं, ही स्वायत्तता. ही पुस्तकी वाटणारी तत्त्वं चेकपोस्टवर खरी होतात. गाडीवर कुणाचा झेंडा आहे, पुढे सशस्त्र बंदोबस्त आहे का, कालच्या भागात तुम्ही किती पोती दिलीत, हे समोरचा बंदूकधारी बघत असतो. त्याचा विश्वास बसला तर गाडी पुढे जाते.

तिसरी पायरी : शिक्षण आणि भाषा

संयुक्त राष्ट्रांमध्ये पी-२ ही आंतरराष्ट्रीय व्यावसायिक नोकरीची नेहमीची सुरुवात. त्यासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा पदवी आणि त्याहून जास्त अनुभव. नुसती आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी घेणाऱ्यांची गर्दी फार आहे, हे माझं स्पष्ट मत. सार्वजनिक आरोग्य, कायदा, स्थापत्य, संख्याशास्त्र, पोषण, पुरवठा साखळी यांपैकी एक विषय घट्ट धरा आणि आंतरराष्ट्रीय राजकारण त्याच्या जोडीला ठेवा. मोठं कर्ज काढून परदेशी पदवी घेण्याआधी एक-दोन वर्षं काम करून बघा. या क्षेत्रातले करार अनेकदा सहा महिन्यांचे, वर्षाचे असतात, आणि कर्जाचे हप्ते कराराच्या तारखा पाळत नाहीत.

भाषेच्या बाबतीत इंग्रजी गृहीत धरलेली असते. फ्रेंच आली तर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा मोठा पट्टा उघडतो. अरबी आली तर तुम्हाला शोधत लोक येतील.

चौथी पायरी : पहिला अनुभव मिळवायचा कसा

सगळ्यांचा अडसर इथेच येतो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

तुम्ही जिथे आहात तिथली रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट सोसायटी पकडा. जगभरात अशा १९० हून जास्त राष्ट्रीय संस्था आहेत आणि स्वयंसेवकांशिवाय त्यांचं पान हलत नाही. पूर, आग, स्थलांतर, काहीही असो, पहिल्या तासात पोचतात ते तिथलेच लोक. मदतीच्या क्षेत्रातले बहुतांश कर्मचारी आपापल्या देशातच काम करतात. 'फील्ड' म्हणजे परदेशच असं धरून बसू नका.

घरबसल्याही खरं काम होतं. २०१० च्या हैती भूकंपात ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रं बघून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि बचाव पथकांनी ते नकाशे वापरले. आज ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या कामात कुणालाही भाग घेता येतो. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात १८ वर्षांपुढच्यांना ऑनलाइन कामं मिळतात. याच कार्यक्रमात प्रत्यक्ष जागेवर जाणाऱ्यांना पगार नव्हे, पण निर्वाहभत्ता मिळतो. काया आणि डिझास्टररेडी या संकेतस्थळांवर मोफत अभ्यासक्रम आहेत. कोबोटूलबॉक्स (कोबो) या सर्वेक्षणाच्या साधनावर एक सर्वेक्षण स्वतः तयार करा, ५० घरांत जाऊन भरा, आलेला डेटा साफ करा. 'मला कोबो येतं' हे वाक्य अर्जात दिसायला साधं, पण त्याने दारं उघडतात.

यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम ही संयुक्त राष्ट्रांची परीक्षा ३२ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांसाठी असते, आणि ज्या देशांचे कर्मचारी कमी आहेत त्यांच्याच नागरिकांना देता येते. देशांची यादी दर वर्षी बदलते, म्हणून दर वर्षी बघा. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर या पदांचा खर्च देणगीदार सरकारं उचलतात, त्यामुळे बहुतेक जागा त्या त्या देशांच्या नागरिकांना जातात. काही सरकारं विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठीही पैसे देतात.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, तुमच्याकडून पैसे घेऊन दोन आठवडे अनाथाश्रमात 'सेवा' करायला नेणाऱ्या सहली. मुलांना दर पंधरवड्याला नवा माणूस माया लावतो आणि निघून जातो, यात मुलांचं नुकसान आहे. दुसरी, नोकरीसाठी शुल्क मागणारी पत्रं. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. लेटरहेड कितीही खरं वाटलं तरी पैसे मागितले की ती फसवणूक समजा.

अर्जाबद्दल थोडं

रिलीफवेब या संकेतस्थळावर बहुतेक जाहिराती सापडतात. रोज बघू नका, आठवड्यातून दोनदा पुरे. 'मदतकार्यात सक्रिय सहभाग' असं लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. त्याऐवजी लिहा, 'तीन दिवसांत ४०० कुटुंबांची यादी केली, दुबार नावं काढली, ज्येष्ठांसाठी वेगळी रांग लावली.' वाचणाऱ्याला तुम्ही दिसले पाहिजेत.

रांगेचा विषय निघालाच म्हणून सांगते. माझ्या पहिल्या वाटपात मी यादी आडनावांनुसार लावली होती. कागदावर छान दिसत होती. उन्हात तीन तास गेल्यावर एक म्हातारे गृहस्थ रांगेतच खाली बसले. तिथल्याच एका अनुभवी सहकारी बाई आल्या. त्यांनी काही न बोलता दोरी आणली, दोन खांबांना बांधली, आणि म्हातारे, गरोदर बायका, अपंग यांना दोरीच्या अलीकडे सावलीत घेतलं. पाच मिनिटांत रांग शांत झाली. त्या दोरीइतकं मला कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही. तिथल्या माणसांना आधी विचारा, ही सवय त्या दिवशी लागली.

धोरणाच्या बाजूने येणाऱ्यांसाठी

नोकऱ्या कुठे असतात? परराष्ट्र खात्यांत, न्यूयॉर्क आणि जिनिव्हातल्या कायम प्रतिनिधींच्या कचेऱ्यांत, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत, हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेत, स्टॉकहोमच्या सिप्री (१९६६), लंडनच्या आयआयएसएस (१९५८), जिनिव्हाच्या युनिडिर (१९८०) अशा संशोधन संस्थांत, क्रायसिस ग्रुपसारख्या संघर्षांचा अभ्यास करणाऱ्यांकडे, आणि मोहिमा चालवणाऱ्या संघटनांत.

काम मुख्यतः मजकुराचं. वाटाघाटीतला मसुदा हातात घेतला की चौकटी कंसांनी भरलेला दिसतो. कंसात असतं ते अजून मान्य न झालेलं. एका कंसासाठी रात्र जाते. क्रियापदांना वजन असतं. परिषद 'ठरवते', 'मागणी करते', 'आग्रह धरते', 'आवाहन करते', 'प्रोत्साहन देते' ही एक उतरंड आहे. 'ठरवते'च्या जागी 'आवाहन करते' आलं की सीमेवरच्या अधिकाऱ्याला गाडी अडवायला जागा मिळते. सरावासाठी एकाच विषयावरचे लागोपाठच्या वर्षांचे दोन ठराव शेजारी ठेवा आणि कुठलं क्रियापद बदललं, कुठला परिच्छेद गळला ते लाल पेनाने खुणा करून काढा. मग त्यावर दोन पानी टिपण लिहा. पहिल्या परिच्छेदात 'काय करावं' हेच, पार्श्वभूमी नंतर. मंत्र्याला लिफ्टमध्ये वाचता येईल असं. असं महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर केलंत तर तुमच्याकडे बारा टिपणं असतील, आणि मुलाखतीत बोलायला त्यापेक्षा चांगलं काही नाही. आकड्यांसाठी सिप्रीचा शस्त्रव्यापाराचा माहितीसाठा, उप्साला विद्यापीठाचा संघर्षांचा माहितीसाठा आणि संघर्षाच्या घटना नोंदवणारं अॅक्लेड यांची सवय करा, आणि प्रत्येकाची 'संघर्ष' या शब्दाची व्याख्या वेगळी आहे हे ध्यानात ठेवा.

फील्डमधून धोरणात गेलेला माल सर्वात टिकाऊ असतो, याचा दाखला म्हणजे भूसुरुंग. युद्ध संपल्यावर वर्षानुवर्षं शेतात, पाणवठ्यावर पाय गमावणारी माणसं शल्यचिकित्सक आणि सुरुंग काढणारे रोज बघत होते. १९९२ मध्ये सहा संघटनांनी मिळून मोहीम सुरू केली, १९९७ मध्ये भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार झाला, त्याच वर्षी मोहिमेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. लष्करी उपयुक्ततेच्या युक्तिवादासमोर दवाखान्यातल्या नोंदी ठेवल्या गेल्या म्हणून ते जमलं. २००८ चा क्लस्टर बाँबविरोधी करारही याच वाटेने आला. आणि २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड, पोलंड यांनी रशियाच्या भीतीने ओटावा करारातून बाहेर पडायची पावलं उचलली. मिळवलेलं राखायलाही माणसं लागतात. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या कामाला लागले तर मला फार बरं वाटेल.

आणखी एक कमी बोललं जाणारं उदाहरण. निर्बंध लागलेल्या देशात मदतसंस्थेला पगाराचे पैसे पाठवायचे असले की बँका घाबरून व्यवहारच नाकारत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता-गोठवणीतून मानवतावादी कामाला सूट दिली. हिशेबखात्यातल्या माणसांची वर्षानुवर्षांची तक्रार कायद्याच्या भाषेत नेली गेली, तेव्हा हे झालं.

दोन्हीकडे पाय ठेवताना

एक सावधगिरी. लष्कर, गुप्तवार्ता किंवा संरक्षण खात्यातून तटस्थ मदतसंस्थेत जाणं अवघड पडतं, कारण समोरच्या गटाला तुमचा इतिहास कळतो आणि त्याची किंमत सगळी टीम मोजते. हा मार्ग बंद नाही, पण क्रम विचार करून निवडा. मदतीच्या कामात लोकांनी विश्वासाने सांगितलेली माहिती कुठल्याही सैन्याच्या कामी जाता कामा नये, इथे तडजोड नाही. सोशल मीडियावर आज एखाद्या बाजूविरुद्ध लिहिलेला संताप पाच वर्षांनी व्हिसा किंवा चेकपोस्टवर आडवा येऊ शकतो. आणि उपाशी मुलाचा फोटो आईला विचारल्याशिवाय काढू नका. विचारल्यावरही, मदत हवी म्हणून ती नाही म्हणू शकत नसेल, हे लक्षात घ्या.

पैसा, जीव, मन

काळ कठीण आहे आणि ते न सांगता बोलावणं मला बरोबर वाटत नाही. १ जुलै २०२५ ला अमेरिकेची परदेशी मदतीची यूएसएड ही संस्था अधिकृतपणे बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या समन्वय कार्यालयाने, ओचाने, त्याच वर्षी आपले २० टक्के कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं. २०२५ साठी जगभरातून सुमारे ४७ अब्ज डॉलरचं आवाहन होतं, ते जूनमध्ये २९ अब्जांवर आणावं लागलं. गरज कमी झाली नव्हती, पैसा आटला होता. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले लोक आज तुमच्याच जागांसाठी अर्ज करत आहेत. या क्षेत्राबाहेरही चालेल असं एक कौशल्य जवळ ठेवा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच पहिला करार घ्या.

जिवाचा धोका आहे. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बाँबहल्ला झाला, संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले प्रमुख सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण गेले. तो दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. २०२४ मध्ये ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यांतले बहुतेक जिथे काम करत होते त्याच देशातले होते. नेमणूक स्वीकारण्याआधी लेखी विचारा. विमा किती, जखमी झाल्यास बाहेर कोण आणि कसं काढणार, स्थानिक कर्मचाऱ्यांनाही तेच मिळतं का, सक्तीची सुट्टी किती आठवड्यांनी, समुपदेशनाची सोय आहे का. स्थानिकांबद्दलच्या प्रश्नाला येणाऱ्या उत्तरावरून संस्था कळते. बीसेफ हा संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, तो आधीच करून ठेवा.

मनाचं थोडक्यात सांगते. झोप जाणं, चिडचिड, घरच्यांच्या साध्या तक्रारी क्षुल्लक वाटू लागणं, ही लक्षणं आहेत. ती दिसली की त्याच आठवड्यात कुणाशी तरी बोला, करार संपायची वाट बघू नका.

पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात तिसरं कलम आणि स्फिअरचं पाण्याचं प्रकरण वाचा. सोबत दहा जाहिराती छापून घ्या आणि त्यांत वारंवार येणाऱ्या कौशल्यांना खुणा करा. पुढचे दोन महिने त्यातलं एकच कौशल्य धरा, आणि रेड क्रॉस किंवा तशाच संस्थेत आठवड्याला ठरावीक तास द्या. चौथ्या महिन्यात ठरावांची ती तुलना आणि पहिलं टिपण. मग तुम्हाला आवडलेल्या कामावर असलेल्या एका व्यक्तीला पत्र पाठवा. सहा-सात ओळींचं. 'मला मार्गदर्शन करा' असं लिहू नका. तुमचं टिपण जोडा आणि एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्यांना पाच मिनिटांत देता येईल. उत्तर आलं तर त्याप्रमाणे करून बघा आणि काय झालं ते महिन्याभराने त्यांना कळवा. नाही आलं तर दुसऱ्या व्यक्तीला, दुसरा प्रश्न.